लाइल हॉस्टेटलरचा मंगळवार

बेसबॉलच्या संघाला जवळजवळ रोज सामना असतो, आणि रोज पहिला चेंडू फेकायला ताजा हात लागतो. शंभर चेंडू फेकले की तो हात पुढचे चार दिवस कामाचा राहत नाही. म्हणून पाच पिचर, पाच दिवस, की फिरून पहिला. हे झालं कागदावरचं गणित. प्रत्यक्षात काय होतं, तर एप्रिलमध्ये एकाचं कोपर दुखतं, मेमध्ये दुसऱ्याचा खांदा धरतो, आणि जुलै उजाडला की तिसरा म्हणतो, पाठीत काहीतरी लचकलंय. म्हणून शहाणे संघ खालच्या संघात सहावा, सातवा, आठवा माणूस तयार ठेवतात. मग पेपरात छापून येतं, अमक्या संघाची पिचरांची फळी काय खोलवर आहे म्हणून! छापणाऱ्याचं काय जातंय? त्या खोलात उभं कोण आहे, हे कोणी वाकून बघत नाही.

तिथे लाइल हॉस्टेटलर उभा होता. सहावा माणूस.

तो आमच्या केसलर गावच्या हेरॉन्समध्ये, म्हणजे मोठ्या संघाला माणसं पुरवणाऱ्या खालच्या संघात आला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. मधली दोन वर्षं दुसरीकडे काढून परत आला, आणि ही गोष्ट घडली त्या ऑगस्टात चौतीस वर्षांचा झाला होता. वरचा संघ तीनशे मैलांवर, मोठ्या शहरात. तिथल्या मैदानावर त्याने उभ्या जन्मात एकही चेंडू फेकला नव्हता. बोलावणं आलं होतं, नाही असं नाही. एकदा तो विमानात बसायला रांगेत उभा असताना फोन आला की ज्याचा खांदा दुखत होता त्याचा राहिला, तू परत जा. दुसऱ्या खेपेला तर त्याला हॉटेलात दोन दिवस ठेवून घेतलं, जेवायला घातलं, आणि तिसऱ्या दिवशी बसचं तिकीट हातात दिलं. लग्नाच्या मांडवातून नवरदेवाला परत पाठवावं तसं. लाइल हसत परत आला. त्याला रागावता यायचं नाही, हाच त्याचा मोठा दोष. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने त्या हॉटेलातल्या उशा तरी फाडल्या असत्या.

पिचर म्हणून तो वाईट नव्हता. त्याच्या चेंडूला भयंकर वेग नव्हता, पण जिथे टाकीन म्हणेल तिथे पडायचा. वर मात्र सगळे वेगाचे भुकेले. लाइलसारखी माणसं त्यांना अडीअडचणीला हवी असतात, घरात जास्तीची छत्री असावी तशी.

त्याची बायको कोरीन दातांच्या दवाखान्यात कामाला होती. मुलगी ॲडी सहा वर्षांची, सप्टेंबरात पहिलीत जायची. घरात कोरीनने एक नियम केला होता, न्याहारीच्या टेबलावर फोन काढायचा नाही. कारण लाइल सकाळी उठला की आधी बघायचा, वरच्या पाचांपैकी आज कोणाचं काय दुखतंय.

"पुन्हा बघतोयस?" कोरीन अंडी उलटता उलटता विचारायची.

"हवामान बघत होतो गं."

"हवामानाला कोपर असतं का रे?"

तो ओशाळायचा. मनात त्याला खरंच लाज वाटायची. ज्यांची नावं तो शोधायचा ती माणसं त्याच्या ओळखीची होती, त्यांच्या लेकरांच्या वाढदिवसाचा केक त्याने खाल्ला होता. आणि रोज सकाळी हा मेनोनाइट पंथाच्या देवभोळ्या घरातला माणूस त्यांच्या कोपरात कळ आली का ते बघायचा. सहाव्या माणसाचं नशीब असंच असतं. दुसऱ्याचं मोडल्याशिवाय त्याचं उघडत नाही.

त्या वर्षी मार्चमध्ये त्याने कोरीनला शब्द दिला होता, "यंदाचं शेवटचं. सप्टेंबरात तुझ्या बाबांकडे फरशीच्या कामाला लागतो." सासरा इंडियानात गोशेनला फरश्या बसवायचा आणि कधीपासून वाट बघत होता. कोरीन फक्त "बरं" म्हणाली. हा शब्द तिने आधी दोन मार्चमध्ये ऐकला होता. पण या वेळी ॲडीचं नाव गोशेनच्या शाळेत घातलेलं होतं, त्यामुळे माघार नव्हती. लाइलला आता फार काही नको होतं. एकच सामना. नाही जमलं तर एकच डाव. वरच्या मैदानावर पिचरच्या त्या मधल्या उंचवट्यावर उभं राहायचं, चेंडू फेकायचा, आणि मग आयुष्यभर गुडघ्यावर बसून लोकांच्या न्हाणीघरांत फरश्या लावायच्या. एवढंच मागणं होतं.

आणि ऑगस्टातल्या एका शनिवारी ते समोर आलं.

हेरॉन्सचा व्यवस्थापक ऑगी प्रूइट त्रेसष्ट वर्षांचा होता. तोंडात कायम सूर्यफुलाच्या बिया, आणि बोलणं निम्मं टरफलांबरोबर थुंकून टाकल्यासारखं. पोरं त्याला उस्ताद म्हणत. दुपारच्या सरावात तो लाइलच्या शेजारी येऊन उभा राहिला, बघत मात्र होता गवताकडे.

"मंगळवारी दुपारी केस कापायला जाऊ नकोस," तो म्हणाला.

"का उस्ताद?"

"वर कालचा सामना पावसात वाहून गेला. मंगळवारी एका दिवसात दोन खेळायचेत त्यांना. पहिल्याला हात आहे, दुसऱ्याला नाही. आणि इथे मंगळवारी पाळी कोणाची?"

लाइल त्याच्याकडे वळला. "माझी."

"मी काही बोललेलो नाही," ऑगी टरफल थुंकत म्हणाला. "तू काही ऐकलेलं नाहीस. ते सोमवारी सकाळी फोन करतील. तोवर हाताला उशीवर ठेव, दुधाने न्हाऊ घाल, काय वाटेल ते कर. चल, नीघ इथून. चेहरा बघ कसा झालाय, डोहाळे लागल्यासारखा!"

दिवस जुळणं म्हणजे या धंद्यात पत्रिका जुळण्यासारखं असतं. वरचा दिवस आणि आपला दिवस एक आला पाहिजे. अकरा वर्षांत लाइलचा तो कधी जुळला नव्हता. दुसऱ्याचं कोपर मोडायचं ते नेमकं लाइल सामना खेळून उठला की दुसऱ्या दिवशी. त्याने गाड्या लावायच्या जागेत जाऊन कोरीनला फोन केला. तिकडून कितीतरी वेळ काहीच ऐकू येईना.

"अगं बोल ना काहीतरी."

"बोलले तर मोडेल अशी भीती वाटते रे," कोरीन म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

मग आईला फोन. व्हर्ना हॉस्टेटलर, सत्तरीची, एकटी राहायची. तिने मुलाचा प्रत्येक सामना रेडिओवर ऐकलेला, आणि रेडिओला शिव्या दिलेल्या.

"अजून पक्कं नाही, आई."

"तुझं कधी काय पक्कं असतं? मी सोमवारी दुपारी निघते. पाच तासांचा रस्ता. गाडीची टायरं गेल्याच वर्षी बदलून ठेवलीत ती काय दूध आणायला?"

त्या रात्रीचा हेरॉन्सचा सामना नऊ डावांत संपायचा तो बरोबरी सुटेना म्हणून पंधरा डाव चालला. जो सुरू करतो त्याच्यानंतर येऊन शेवट सांभाळणारे पिचर असतात, ते सगळे एकामागून एक वापरून झाले. रविवारी सकाळी ऑगीजवळ दोनच हात उरले. सामना सुरू करायला येसोन पाउलिनो, आणि शेवटचे दोन डाव टाकायला एक जण. म्हणजे येसोनने सात डाव ओढायलाच हवेत. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

येसोन एकवीस वर्षांचा, डोमिनिकन देशातल्या बानी गावचा. चेंडू असा फेकायचा की बघणाऱ्याच्या छातीत धडकी भरावी, ताशी पंचाण्णव मैल. वरच्या लोकांचा जीव त्याच्यात अडकलेला. पुढच्या वर्षी हा वर जाणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तो आला तेव्हा त्याला इंग्रजीत भात मागता येत नव्हता. लाइलने त्याला बँक दाखवली, थंडीचे बूट घेऊन दिले, आणि हळू चेंडू टाकताना बोटं कशी लपवायची ते शिकवलं. येसोन त्याला म्हातारबा म्हणायचा.

आमच्याकडे रीत अशी, की ज्याची पाळी पुढच्या सामन्याला असेल त्या पिचरने आज गणवेश न घालता फलंदाजाच्या पाठीमागे प्रेक्षकांत बसायचं. मांडीवर तक्ता, हातात पेन्सिल, शेजारी वेग मोजायचं यंत्र. आपला पिचर टाकेल तो प्रत्येक चेंडू लिहायचा, काय टाकला, कुठे पडला, वेग किती. आणि वेग एकाएकी घसरला तर त्या आकड्याभोवती गोल काढायचा आणि बाजूचा फोन उचलून खाली डगआउटमध्ये, संघ बसतो तिथे, कळवायचं. कारण उंचवट्यावरचा पोरगा स्वतः कधी सांगत नाही. सगळे खोटं बोलतात. लाइल स्वतःही बोलला होता, दोनदा. सोमवारी सुट्टी होती, म्हणून मंगळवारचा माणूस रविवारी तक्ता घेऊन बसला.

पहिला डाव सुरेख गेला. पंचाण्णव, चौऱ्याण्णव, पंचाण्णव. दुसऱ्या डावात, एकतिसाव्या चेंडूला, यंत्रावर आकडा आला एकोणनव्वद.

लाइलने मान वर केली. येसोनने हात मांडीमागे नेला आणि बोटं झटकली, दोनदा, कोणाला दिसू नये अशी. ते समोर चेंडू झेलणाऱ्या कॅचरला दिसलं नाही, डगआउटला दिसायचा प्रश्नच नव्हता. लाइलला दिसलं. त्या झटक्याचा अर्थ त्याला पुस्तकात बघावा लागत नव्हता.

त्याने ८९ लिहिलं. पेन्सिल आकड्याशेजारी टेकवली.

मग त्याच्या मनात आलं, हा बाहेर आला तर टाकणार कोण? ऑगीजवळ माणूस नाही. ऑगी मान वळवणार आणि इथे बघणार. माझ्याकडे.

पेन्सिल उचलली गेली. गोल काढला नाही.

पुढचा चेंडू एक्क्याण्णव. बघ, वाढतोय, लाइल स्वतःशी म्हणाला. पाय घसरला असेल. घाम असेल बोटांना. माणसाला स्वतःला फसवायचं असलं की कारणं कशी भराभर हाताशी येतात! तिसऱ्या डावात पोरगा दात खाऊन टाकत होता. त्र्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, ब्याण्णव, सत्त्याऐंशी. त्या डावात एकदा त्याने टोपी काढली, घाम पुसला, आणि सरळ वर प्रेक्षकांत बघितलं, लाइल बसला होता तिथे.

लाइलने मान खाली घातली आणि तक्त्यात बघत राहिला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

चौथा डाव संपता संपता एक चेंडू येसोनच्या हातून असा सुटला की कॅचरच्या डोक्यावरून जाऊन लाइलच्या समोरच्या जाळीवर आदळला. आकडा एक्क्याऐंशी. प्रेक्षक हसले. एक जण ओरडला, "अरे इकडे कुठे, आम्ही खेळत नाही!" लाइल उठला, आणि तक्ता काखेत मारून पायऱ्या उतरत डगआउटमध्ये गेला.

"उस्ताद, पोराला काढा. कोपर गेलंय त्याचं."

"थकलाय तो," ऑगी म्हणाला, पण त्याचं चघळणं थांबलं. "आणि काढून कोणाला उतरवू? माझ्या बायकोला?"

"मी टाकतो."

"वेडा आहेस का? तोंडात आलेला घास आहे तुझा."

"आज माझा सरावाचा दिवस आहे. तीस चेंडू मी नाहीतरी बाजूला टाकणारच होतो. ते इथे टाकतो. एक डाव, फार तर दीड. मंगळवारी हात ताजा."

ऑगीने मान हलवली. "वरच्यांना सरावाचे तीस दिसत नाहीत, लाइल. सामन्यातले दिसतात."

"तीसच टाकीन म्हणतो ना."

हा हिशेब फक्त पिचरच करू शकतो, आणि फक्त पिचरच त्यात फसतो. गणवेश चढवून तो उंचवट्यावर गेला आणि पाचवा डाव त्याने अकरा चेंडूंत संपवला. सहावा चौदात. झाले पंचवीस. आणि त्या दिवशी, कधी नव्हे ते, सगळं त्याच्या बोटांना ऐकत होतं. चेंडू खाली म्हटलं की खाली, बाहेर म्हटलं की बाहेर, फलंदाज हवेत झाडू मारत होते. लोक उभे राहिले. सातव्यासाठी ऑगी म्हणाला, "बस झालं, आता क्षेत्ररक्षकांतल्या एखाद्याला उभा करतो, हरलो तर हरलो."

"पाच चेंडू उरलेत," लाइल म्हणाला.

काय झालं होतं त्याला? काही म्हणतात संघासाठी केलं, काही म्हणतात मस्ती चढली. मला विचाराल तर त्याला उंचवट्यावरून उतरून येसोनच्या शेजारी बाकावर बसायचं नव्हतं. तो पोरगा कोपराला बर्फ बांधून बसला होता आणि प्रत्येक चेंडूला याच्यासाठी टाळ्या वाजवत होता, डाव्या हाताने मांडीवर.

सातव्या डावात एक झेल सुटला, दुसरा सुटला, आणि तो डाव संपता संपेना. लाइल मध्येच सोडून कसा येणार? डाव संपला तेव्हा ऑगीच्या कागदावर अठ्ठावन्न आकडा होता. हेरॉन्स जिंकले. नंतरच्या जल्लोषात पोरांनी लाइलच्या डोक्यावर पाण्याची बादली ओतली, आणि ऑगी कोपऱ्यात उभा राहून बिया चघळत होता, हसला नाही.

सोमवारी सकाळी साडेआठला ऑगीने त्याला मैदानावर बोलावलं. सुट्टी असल्यामुळे सगळं ओस होतं, माळी एकटा नळी घेऊन गवताला पाणी घालत होता. वर जायची बातमी द्यायची ऑगीची एक तऱ्हा होती. आधी खेळाडूला खोलीत बोलावून तो खोटंखोटं झापायचा, घाम फोडायचा, आणि मग म्हणायचा, जा, सामान बांध. त्याने बाकीच्या कितीतरी जणांना असं झापलं होतं. लाइल दारातच थांबला. झापून घ्यायला तो मनातून तयार होता.

ऑगी म्हणाला, "बस रे बाळा."

तेव्हाच त्याला कळलं. ऑगीने जन्मात कोणाला बाळा म्हटलं नव्हतं.

"आठला फोन आला होता. मी सांगितलं की हात ठणठणीत आहे. सांगितलं, त्याच्यासारखा मी वर्षभरात बघितला नाही. ते म्हणाले, अठ्ठावन्न. मी म्हटलं, सरावाचेच समजा. ते म्हणाले, अठ्ठावन्न." ऑगीने तोंडातल्या बिया कागदात थुंकल्या. "दुसऱ्या कुठल्या संघाने सोडलेला कोणीतरी उचललाय त्यांनी. उद्या तो टाकेल. सांभाळून घे म्हणू तरी कसं तुला?"

"ठीक आहे उस्ताद."

"ठीक कसलं आहे, मेल्या! शिव्या तरी दे मला."

"शनिवारीच तुम्ही म्हणाला होता, हाताला उशीवर ठेव म्हणून," लाइल म्हणाला आणि उठला.

आईला फोन करायचा होता. व्हर्नाने तो पहिल्याच घंटेला उचलला. त्याने सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं बाई. मी सामान भरलंच नव्हतं अजून. गुडघा पण दुखतोय." पुढे कधीतरी कोरीनला शेजारणीकडून कळलं, की म्हातारीची बॅग रविवार सकाळपासून गाडीत होती आणि ती नंतर आठ दिवस तिथेच राहिली.

मंगळवारी वरच्या सामन्यात त्या उचलून आणलेल्या माणसाने दोन डावांत सात धावा दिल्या. लाइलने ते बघितलं नाही. त्या दिवशी तो ॲडीला घेऊन नदीवर बदकं बघायला गेला होता. कोरीनने बघितलं, आणि स्वयंपाकघरात एकटीच मोठमोठ्याने रडली.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. शुक्रवारी येसोनच्या कोपराच्या तपासणीचा निकाल आला. आतला बंध पार तुटला होता. शस्त्रक्रिया, मग चौदा महिने चेंडूला हात लावायचा नाही, आणि पुढचं देव जाणे. डॉक्टर ऑगीच्या खोलीत म्हणाले, आणि लाइल दारात उभा होता, "सुरुवातीला नुसता ताणला असणार. पहिली कळ आली तेव्हाच थांबला असता तर कदाचित विश्रांतीवर निभावलं असतं. त्यानंतर किती चेंडू टाकले यानं?"

"कोण जाणे," ऑगी म्हणाला. "तो पोरगा सांगतोय, चौथ्यात पहिल्यांदा दुखलं."

किती ते लाइलला माहीत होतं. त्रेचाळीस.

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. मंगळवारही गेला आणि ज्याच्यासाठी तो गेला म्हणावा तो हातही वाचला नाही. पण गावाला हे कुठे ठाऊक! गावात लाइल देवमाणूस झाला. पावाच्या दुकानात त्याचे कोणी पैसे घेईनात. न्हाव्याच्या दुकानात त्याचा फोटो लागला. स्थानिक पेपरवाली बाई मुलाखतीला आली तेव्हा त्याने तिच्या तोंडावर दार लावलं, तर तिने छापलं की किती हा विनय. प्रत्येक जण पाठीवर थाप मारायचा, आणि प्रत्येक थापेनिशी तो खाली वाकत गेला. कोरीनला वाटायचं मंगळवारचं दुःख आहे. तिने समजूत घालायचा प्रयत्न केला, "तू चांगलं केलंस रे. ॲडीला हे सांगता येईल." तो म्हणाला, "ॲडीला काही सांगू नकोस," आणि उठून बाहेर गेला.

सप्टेंबरच्या मध्यावर हंगाम संपला. शेवटच्या दिवशी लाइल आपलं कपाट रिकामं करत होता. बाकीचे निघून गेले होते. येसोन आला, हात पट्ट्यात अडकवलेला, दुसऱ्या हातात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा.

"आईने पाठवल्यात. मावशीबरोबर. तुलाच द्यायच्या म्हणून बजावलंय." तो बाकावर बसला. "ती दर रविवारी तुझ्या नावाने देवळात मेणबत्ती लावते, म्हातारबा. म्हणते, त्या माणसाने स्वतःचं सोडून माझ्या लेकराकडे बघितलं."

"तिला म्हणावं, बंद कर."

"असं कसं सांगू?"

लाइलने कपाटाच्या तळातून एक घडी घातलेला कागद काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. रविवारचा तक्ता. बाकीचे तक्ते कार्यालयात जमा व्हायचे. हा त्याने दिला नव्हता, हरवला म्हणून सांगितलं होतं.

"वाच."

तो कुठल्याही पिचरला वाचता येतो. येसोनचं डावं बोट आकड्यांवरून सरकत गेलं. पंचाण्णव, चौऱ्याण्णव. एकतिसाव्यावर ते थांबलं.

"गोल नाही," तो म्हणाला.

"नाही."

"पुढेही नाही."

"कुठेच नाही. तुझ्या बोटांचा झटका मी बघितला होता. दोन डाव बसून राहिलो. मला मंगळवार हवा होता." लाइलचा आवाज अगदी सरळ होता, जणू दुसऱ्या कोणाचं सांगतोय. "डॉक्टर म्हणाले, तेव्हाच थांबला असतास तर निभावलं असतं. म्हणून म्हणतो, आईला मेणबत्ती बंद करायला सांग."

येसोन कागदाकडे बघत राहिला. बाहेर माळी जाळ्या गुंडाळत होता, त्याची खुडबुड ऐकू येत होती.

"तिसऱ्यात मी वर बघितलं होतं," शेवटी तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"वाटलं, म्हातारबाने बघितलंय. आता तो काढेल मला. म्हणजे मला स्वतःला हात वर करायला नको." त्याने ओठ चावला. "मग तू खाली बघितलंस. आणि मला बरं वाटलं, माहितीये? म्हटलं, याला दिसलं नाही म्हणजे काही नसेल. मलाही वर जायचं होतं."

येसोनने एका हाताने कागदाची घडी घालायचा प्रयत्न केला, ती काही नीट जमेना. लाइलनेही मदत केली नाही. मग पोरगा उठला, वेडीवाकडी घडी त्याच्या हातात ठेवली, आणि दाराशी जाऊन वळला.

"तुझ्या जागी मी असतो ना म्हातारबा, तर नवव्या डावापर्यंत उठलो नसतो."

असं म्हणून तो गेला. अकरा वर्षांत ज्याला कोणी रडताना बघितलं नव्हतं तो लाइल हॉस्टेटलर रिकाम्या कपाटात डोकं घालून रडला. कोरीन गाडीत वाट बघून बघून आत आली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिला त्याने तिथेच सगळं सांगितलं. ती त्याला "तू चांगलं केलंस" असं पुन्हा कधी म्हणाली नाही, आणि तो म्हणतो की त्यानंतरच त्याला झोप लागायला लागली.

येसोनचा वेग काही परत आला नाही. दोन वर्षं त्याने खटपट केली, मग संघाने त्याला सोडलं. आता बानीला त्याच्या मामाच्या आंब्यांच्या बागेत असतो. लाइल गोशेनला फरश्या बसवतो. हात अजून अचूक आहे, सासरा सांगतो, जावयाला ओळ सरळ धरायला दोरी लावावी लागत नाही. गाडीच्या खणात तो तक्ता आहे. आणि दर डिसेंबरात बानीहून एक पाकीट येतं, खोबऱ्याच्या वड्यांचं, वर येसोनच्या आईच्या अक्षरात लाइलचं नाव. मेणबत्ती बंद कर हे पोराने तिला अजून सांगितलेलं नाही. लाइल दर वर्षी पाकीट टेबलावर ठेवतो आणि ॲडी मोठी मोठी होत चाललेली, ती विचारते, "बाबा, ही बाई आपल्याला दर वर्षी का पाठवते?"

"खा तू," लाइल म्हणतो. स्वतः मात्र त्याने आजवर एकही वडी तोंडात घातलेली नाही.